न कळवता गैरहजर

अमेरिकेतल्या टॉरविक गावच्या समाजसेवी क्लबात अध्यक्ष निवडून येत नसे, तो सापडत असे. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी जो दुपारच्या जेवणाला आला नाही, तो येत्या जुलैपासून अध्यक्ष, असा सरळ हिशेब होता. घटनेत हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घटना कुणी वाचलेलीही नव्हती. त्यामुळे एरवी चर्चच्या तळघरात निम्म्या खुर्च्या ओस पडलेल्या असायच्या, पण त्या मंगळवारी सतरापैकी सोळा तरी झाडून हजर. एकजण एकदा अंगात ताप घेऊन, गोधडीत गुंडाळून आला होता. कोपऱ्यात बसून कुडकुडला, पण अध्यक्ष झाला नाही.

पळवाट एकच होती. घरात आजारपण किंवा मरण असेल आणि सभेआधी तसा निरोप आला असेल, तर गैरहजेरी माफ. मग ते पद जायचं आजवर कधीच अध्यक्ष न झालेल्या सगळ्यात जुन्या सभासदाकडे. आणि तो होता आर्लन स्कॉगस्टाड.

आर्लनचं गावात हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे-मोळे, पाइप, बर्फ ओढायची फावडी. गिऱ्हाइकाशी तो तासभर बोलेल, पण चार माणसांसमोर उभं केलं की त्याची बोबडी वळे. लग्नातसुद्धा त्याच्या वतीने भावानेच आभार मानले होते. म्हणून तर सव्वीस वर्षं त्याने क्लबाची सेक्रेटरीगिरी मुकाट्याने केली. सेक्रेटरीला उभं राहावं लागत नाही. बसल्या जागी, मान खाली घालून, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. अध्यक्ष विचारतो, "काही दुरुस्ती?" कुणालाच काही दुरुस्ती नसते, सगळ्यांचं लक्ष जेवणावर असतं. इतिवृत्त मंजूर होतं आणि आर्लन वही मिटतो.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी नऊला वीस कमी असताना दुकानातला फोन वाजला. आर्डिस बोलत होती, व्हर्जिल प्रिबिलची बायको. व्हर्जिल म्हणजे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, आर्लनचा चाळीस वर्षांचा दोस्त.

"आर्लन, आज व्हर्जिल जेवायला येत नाही हं," ती म्हणाली. "मला फार्गोच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन निघालाय. तपासण्यांचे रिपोर्ट मिळायचेत. सांगशील ना सगळ्यांना? नाहीतर ते मेले त्याला अध्यक्ष करून टाकतील."

"सांगतो की," आर्लन म्हणाला. "काळजी नको करूस."

दुपारी त्या वर्षीची अध्यक्ष बेव्ह ऑस्टबी हिने घंटा वाजवली, खुर्च्या मोजल्या, आणि व्हर्जिलची रिकामी खुर्ची बघून तिला हसू आवरेना. "सापडला रे सापडला! व्हर्जिलचा काही निरोप?" निरोप सेक्रेटरीकडेच यायचे, त्यामुळे सगळ्यांच्या माना आर्लनकडे वळल्या. आर्लनने वहीत पाहिलं. वहीत अर्थातच काही नव्हतं.

"माझ्याकडे तरी काही नाही," तो म्हणाला.

एवढंच. त्यानंतर टाळ्या झाल्या, टेबलं बडवली गेली, कुणीतरी व्हर्जिलच्या नावाने कॉफीचे कप उंचावले. जेवण झाल्यावर खरं काय ते सांगू असं आर्लनने मनाशी ठरवलं. जेवण झाल्यावर ठरवलं की संध्याकाळी सांगू. आणि वहीत त्याने नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं : व्हर्जिल प्रिबिल, न कळवता गैरहजर.

माणूस खोटं बोलायला पाच सेकंदं घेतो आणि ते निस्तरायला त्याला जन्म पुरत नाही. आर्लन वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्रेपणाने काय काय होऊ शकतं हे त्याला तोवर कळलं नव्हतं.

आर्डिसच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर महिन्यांची भाषा बोललेच नाहीत, आठवड्यांची बोलले. जानेवारीत ही बातमी क्लबात पोचली तेव्हा बेव्ह ओशाळली. "व्हर्जिल, सोड ते अध्यक्षपद," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघतो." दुसरा कुणी म्हणजे कोण हे तळघरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आर्लन पेन्सिलीचं टोक तपासत बसला. व्हर्जिल म्हणाला, "सापडलो तर सापडलो. आर्डिस म्हणते, कर."

आणि व्हर्जिलने ते मनापासून केलं. हातात घेतलेली गोष्ट अर्धवट सोडायची नाही, असा त्याचा खाक्या होता. नियोजित अध्यक्षांना जुलैपूर्वी तयार करतात, त्याची एक जाडजूड वही असते. वर्षाची उद्दिष्टं लिहा, समित्या नेमा, सभासद कसे वाढवाल ते लिहा. आर्डिस खाटेवर पडलेली आणि हा शेजारी बसून वही भरतोय, असं आर्लनने एकदा सूप द्यायला गेला तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आर्डिस त्याच्याकडे बघून हसली होती. "बस ना आर्लन, घाई कसली?" म्हणाली होती. त्याला बसवेना.

मार्चमध्ये सगळ्या क्लबांच्या नियोजित अध्यक्षांचं मोठं शिबिर असे, त्याआधी फेब्रुवारीत एका शनिवारी दिवसभराचा पूर्वतयारीचा वर्ग होता. हजेरी सक्तीची. प्रशिक्षण चुकलेल्याला खुर्चीत बसता येत नाही, हा नियम मात्र खरोखर लिहिलेला होता. सेक्रेटरीने सोबत जायचं असतं, म्हणून गाडी आर्लननेच चालवली. दारात एक टोपली ठेवलेली होती, सगळ्यांनी आपापले फोन त्यात टाकायचे, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. दुपारचा विषय होता, नव्या सभासदाचं स्वागत कसं करावं. सव्वादोनला आर्डिस गेली. तीन वाजता कॉफीच्या वेळी व्हर्जिलने टोपलीतून फोन उचलला तेव्हा त्यावर मेहुणीचे सात फोन येऊन गेले होते.

परतीच्या त्या ऐंशी मैलांत व्हर्जिल एकच वाक्य बोलला. "मी तिला सांगितलं होतं, पाचपर्यंत येतो."

त्या दिवसापासून आर्लनला अन्न गोड लागेना. दुकानात तो खिळे चुकीच्या खणात टाकू लागला. ते खोटं त्याला आणि आर्डिसला माहीत होतं, आणि आर्डिस आता नव्हती. म्हणजे जगात ते एकट्या त्याच्याकडे उरलं होतं, आणि याचं त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटत मात्र नव्हतं.

दफनानंतर तीन आठवड्यांनी फार्गोच्या हॉटेलातलं मोठं शिबिर आलं. व्हर्जिल येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, पण सकाळी साडेसहाला तो कोट घालून, वही काखेत मारून, घराच्या पायरीवर उभा होता. कोटाला इस्त्री नव्हती. ती करणारी नव्हती म्हणून नव्हे, आर्डिसने उभ्या जन्मात इस्त्रीला हात लावला नव्हता, ते काम व्हर्जिलचंच. या वेळी त्याने केली नव्हती इतकंच.

हॉटेलाच्या दालनात नावांच्या बिल्ल्यांचं टेबल होतं. मागे बसलेल्या बाईने प ची पेटी चाळली आणि उत्साहाने दोन बिल्ले पुढे केले. "हा तुमचा, आणि हा बाईसाहेबांचा! जोडीदारांचा कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर आहे. आज मेणबत्त्या बनवणार आहेत."

दुसऱ्या बिल्ल्यावर मोठ्या अक्षरात आर्डिस प्रिबिल असं लिहिलेलं होतं.

नावनोंदणीचा कागद जानेवारीत त्यानेच पाठवला होता. नाव खोडायला हवं होतं, आणि ते खोडायचं काम सेक्रेटरीचं होतं. "व्हर्जिल, मी... माझ्याकडून राहून गेलं रे," तो पुटपुटला.

"राहू दे," व्हर्जिल म्हणाला. त्याने दोन्ही बिल्ले उचलले. एक गळ्यात घातला, दुसरा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बाईला म्हणाला, "ती आज येत नाही."

सकाळभर नियोजित अध्यक्ष एका दालनात आणि सेक्रेटरी दुसऱ्यात. आर्लनला हजेरीचे तक्ते कसे पाठवावेत हे शिकवलं गेलं, जे तो सव्वीस वर्षं करत होता. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. आज सांगायचं, एवढंच तो घोकत होता. आज सांगितलं नाही तर जुलै उजाडेल, व्हर्जिल दर मंगळवारी घंटा वाजवेल, आणि आपण त्याच्या शेजारी बसून वर्षभर त्याचं नाव लिहीत राहू.

जेवणाला सगळे एकत्र आले. हॅम, उकडलेल्या शेंगा, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश. त्यांच्या टेबलावर आठजण होते आणि शिबिराची मुख्य प्रशिक्षक नोरीन टेबलाटेबलावर फिरत त्यांच्याजवळ येऊन बसली. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई, वीस वर्षं हेच करत आलेली.

"चला मंडळी, खरं सांगायचं हं," ती म्हणाली. "तुम्ही अध्यक्ष कसे झालात? हौसेने झालेले हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. हशा पिकला.

"मी सभेला गेलो नव्हतो," पलीकडचा एक दाढीवाला म्हणाला. "बायकोने सांगितलं होतं, जा. ऐकलं नाही."

"मीसुद्धा गैरहजर!" एक बाई म्हणाली. "दात काढायला गेले होते. दात गेला तो गेला, वर हे."

"आणि तुम्ही?" नोरीनने व्हर्जिलला विचारलं. "तुम्ही नक्की मासे पकडायला गेला असणार. तोंडावरून दिसतंय."

"मीही गैरहजर होतो," व्हर्जिल म्हणाला. "बायकोला दवाखान्यात नेलं होतं."

हसू जरा विरलं. दाढीवाला म्हणाला, "अरेच्चा. आमच्याकडे ते माफ असतं."

"आमच्याकडेही असतं," व्हर्जिल म्हणाला. तो पावाला लोणी लावत होता, कडेपर्यंत, सावकाश. "कळवावं लागतं फक्त."

त्याने मान वर केली नाही. आर्लनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आर्लनच्या हातातला काटा ताटलीवर वाजला आणि नोरीनने शहाण्यासारखा विषय बदलून मिठाईकडे नेला.

दुपारी चारला समारोप. या शिबिराची एक जुनी रीत आहे. प्रत्येक क्लबाचं नाव पुकारतात, नियोजित अध्यक्ष व्यासपीठावर जातो आणि त्याच्या कोटावर अध्यक्षपदाची पिन लावली जाते. ती पिन प्रशिक्षक लावत नाही, सोबत आलेलं माणूस लावतं. बहुतेकदा नवरा नाहीतर बायको. एकामागून एक जोडपी वर जात होती, पिना लावल्या जात होत्या, एखादी बायको नवऱ्याच्या कोटावरची धूळ झटकत होती, लोक हसत होते, टाळ्या वाजत होत्या. व्हर्जिल खुर्चीत ताठ बसून होता.

"टॉरविक!" नोरीनने पुकारलं.

व्हर्जिल उठला. दोन पावलं गेला, थांबला, आणि मागे न वळता म्हणाला, "चल, तुलाच यावं लागेल."

तीनशे माणसांसमोरची ती पायरी आर्लन कसा चढला ते त्याचं त्यालाच माहीत. डोक्यावर दिवे होते. नोरीनने त्याच्या तळहातावर ती इवलीशी पिन ठेवली. व्हर्जिलच्या कोटाची कडा हातात धरली तेव्हा आतल्या खिशातल्या बिल्ल्याचा चौकोन त्याच्या बोटांना लागला. पिन कापडात शिरेना. एकदा त्याच्याच अंगठ्यात घुसली.

"व्हर्जिल," तो म्हणाला. "तिने फोन केला होता. त्या दिवशी सकाळी. मला."

"माहीत आहे," व्हर्जिल म्हणाला. "नंबर मीच लावून दिला होता."

"इकडे बघा दोघं!" खालून फोटोवाला ओरडला. "आणि जरा हसा की!"

दोघांनी तिकडे बघितलं. तो फोटो पुढे जिल्ह्याच्या पत्रकात छापून आला. त्यात व्हर्जिल नेहमीसारखा दिसतो. आर्लनचं तोंड उघडं आहे आणि अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आहे, पण तो माहीत असलेल्यालाच दिसेल.

गाडी फार्गोबाहेर पडली, नदी ओलांडली, दोन्ही बाजूंना मळकट बर्फाची शेतं सुरू झाली. आर्लन गाडी चालवत होता, म्हणून त्याला समोर बघायची सबब होती.

"मग बोलला का नाहीस?" अखेर आर्लननेच विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, हे विचारायचा आपल्याला काय अधिकार.

"आधी वाटलं, विसरला असशील," व्हर्जिल म्हणाला. "दुकानात गर्दी असेल, गेलं असेल डोक्यातून. जानेवारीत बेव्ह म्हणाली सोड, तेव्हा तुझ्याकडे बघितलं. तू पेन्सील बघत होतास. तेव्हा कळलं."

"अरे, मग तेव्हाच माझी गचांडी धरायचीस!"

"धरणार होतो. आर्डिस नको म्हणाली. म्हणाली, तो उभा राहून बोलायला घाबरतो, म्हणून केलंय त्याने. विचारू नकोस, बिचाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." व्हर्जिलने खिडकीची काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली. "तू सूप घेऊन आलास ना, त्या दिवशी तिला वाटलं होतं सांगशील. म्हणून बस म्हणाली."

आर्लनला समोरचा रस्ता दिसेना. त्याने गाडी कडेला घेतली. एक मालट्रक भोंगा वाजवत गेला. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला, आवाज न करता, आणि व्हर्जिलने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"मी घेतो हे वर्ष," काही वेळाने आर्लन म्हणाला. "तू सोड. मी करतो, बोबडी वळली तर वळली."

"तुला घेता यायचं नाही. तुझं प्रशिक्षण झालेलं नाही." व्हर्जिल हे थट्टेने म्हणाला की कसं, आर्लनला कळलं नाही. "माझं झालंय. सगळे तास भरलेत मी. फेब्रुवारीतलेसुद्धा."

"मग मी काय करू? सांग ना. सांगशील ते करतो."

"तुझ्या वहीत लिहिलंयस, न कळवता गैरहजर," व्हर्जिल म्हणाला. "ती वही क्लबाच्या कपाटात राहणार. आपण मेल्यावरही राहणार. तिने कळवलं होतं, आर्लन. उभ्या आयुष्यात ती कुणाकडे न कळवता गेली नाही, न कळवता राहिली नाही. जातानासुद्धा सात फोन करायला लावले बहिणीला. ते तेवढं नीट कर. मला दुसरं काही नको."

पुढच्या मंगळवारी तळघरात नऊजण होते. आर्लनने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, बसूनच. बेव्हने सवयीने विचारलं, "काही दुरुस्ती?" आणि उत्तराची वाट न बघता घंटेकडे हात नेला.

"आहे," आर्लन म्हणाला.

तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि खाणारे खायचे थांबले, कारण आर्लन स्कॉगस्टाडला सभेत उभं राहिलेलं त्यांच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि टेबलाची कड धरली.

"डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारच्या सभेची दुरुस्ती आहे," तो म्हणाला. शब्द एकेक करून, अडखळत बाहेर आले. "व्हर्जिल प्रिबिल, न कळवता गैरहजर, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. सकाळी नऊला वीस कमी असताना आर्डिसने मला फोन केला होता. दवाखान्यात जातोय म्हणाली. सगळ्यांना सांग म्हणाली. बेव्हने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. कारण मग मला अध्यक्ष व्हावं लागलं असतं." त्याने श्वास घेतला. "एवढंच."

कुणीतरी आर्लनकडून नजर काढून स्वतःच्या ताटलीत घातली, मग दुसऱ्याने. दहा-वीस वर्षांची ओळख एकेक माणूस त्याच्यापासून मागे घेत होता, आणि ते त्याला उभ्याउभ्या दिसत होतं. तोवर व्हर्जिलने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला होता. तो बाहेर काही काढत नव्हता, नुसता हात आत ठेवून बसला होता.

सभेचे नियम बेव्हला पाठ होते. "दुरुस्ती मांडली गेली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "अनुमोदन कुणाचं?"

अनुमोदन नसेल तर दुरुस्ती होत नाही, जुनंच कायम राहतं. कुणाचाही हात वर जाईना. आर्लन तसाच उभा होता.

"माझं," व्हर्जिल म्हणाला.

बेव्हने मान डोलावली. आर्लन खाली बसला, वही उघडली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने, स्वच्छ अक्षरात, आपल्या हाताने लिहिलं : दुरुस्ती मंजूर. अनुमोदन, व्हर्जिल प्रिबिल. हजर.